अस्सल कागद आणि पराभूतांच्या बखरी : जर्मन सेनानींच्या युद्धस्मृतींची एक समीक्षा

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव नोव्हेंबर १९१८ मध्ये झाला. त्या पराभवाचा अर्थ कोणी सांगायचा, हा झगडा मात्र त्यानंतर सुरू झाला आणि त्यात बराच काळ पराभूत सेनानींचीच सरशी होत राहिली. १९१९ व १९२० या दोनच वर्षांत एरिख लुडेनडॉर्फ, पाउल फॉन हिंडेनबुर्ग, एरिख फॉन फाल्केनहाइन, तुर्कस्तानातील लिमान फॉन सांडर्स आणि पूर्व आफ्रिकेतील पाउल फॉन लेटो-फोरबेक यांच्या आठवणी एकामागून एक प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी बहुतेकांची इंग्रजी भाषांतरेही लगेच निघाली. युद्धाचे बरेच इतिहास पुढे या ग्रंथांच्या आधारे लिहिले गेले. आजही ‘श्लीफेन यांची योजना मोल्टके यांनी दुबळी केली, म्हणून मार्नची लढाई हरली’ हे विधान विद्यार्थ्यांच्या टिपणांत सिद्ध गोष्टीसारखे आढळते. हे विधान प्रथम कोणी केले, कोणत्या हेतूने केले आणि त्यामागे कोणता कागद आहे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

हे प्रश्न विचारण्याची शिस्त मराठी अभ्यासकाला परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती आणि त्यांच्या दीर्घ प्रस्तावनेत बखरी व समकालीन पत्रे यांची तुलना करून बखरींतील कालविपर्यास, स्थलविपर्यास आणि कारणमीमांसेतील गोंधळ त्यांनी उघड केला होता. त्यांच्या आयुष्याची अखेर धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाली आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच स्थापन झाले. म्हणजे ज्या दशकात जर्मन सेनानींच्या आठवणींनी युरोपातील वाचकांचे मत घडवले, त्याच दशकात अशा आठवणी कशा वाचाव्यात याची कसोटी खानदेशात एका संस्थेच्या रूपाने उभी राहिली. प्रस्तुत लेखात ही कसोटी जर्मन सेनानी व त्यांचे स्टाफ अधिकारी यांच्या युद्धस्मृतींना लावून पाहिली आहे.

बखर आणि युद्धस्मृती : साम्य व भेद

बखर हा शब्द येथे हिणवण्यासाठी योजलेला नाही. मराठी गद्याच्या घडणीत बखरींचे स्थान मोठे आहे आणि पानिपतावरील ‘भाऊसाहेबांची बखर’ वाङ्मय म्हणून आजही वाचनीय आहे. बखर आणि जर्मन युद्धस्मृती यांत साम्य आहे ते असे : दोन्ही घटनेनंतर लिहिल्या जातात, दोन्हींत शेवट ठाऊक असल्याने सुरुवातीची मांडणी त्या शेवटाला जुळवून घेतली जाते, आणि दोन्हींत एखादा पुरुष किंवा घराणे यांचा कैवार घेतलेला असतो.

भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. बखरकार बहुधा दुसऱ्याच्या आज्ञेवरून लिहितो. जर्मन सेनानी स्वतःच स्वतःचा बखरकार झालेला आहे. बखरकाराकडे दफ्तर नसते, ऐकीव माहिती असते. लुडेनडॉर्फ किंवा फाल्केनहाइन यांच्या हाताखालून सर्व दफ्तर गेलेले होते. बखरकाराच्या चुका त्यामुळे पुष्कळदा अज्ञानातून आल्या आहेत, तर सेनानींच्या ग्रंथांतील उणिवा निवडीतून आल्या आहेत. पानिपतावरील बखर पराभव लपवीत नाही, त्यावर शोक करते. जर्मन युद्धस्मृतींचा मुख्य प्रयत्न पराभव झालाच नाही, किंवा झाला तर तो सैन्याचा नव्हे, असे दाखविण्याचा आहे. त्यामुळे राजवाड्यांची कसोटी बखरींपेक्षा या ग्रंथांना अधिक कठोरपणे लावणे प्राप्त होते.

स्टाफ पद्धती आणि श्रेयाचा प्रश्न

जर्मन सैन्यातील ‘जनरल स्टाफ’ ही संस्था समजल्याशिवाय या ग्रंथांतील वाद समजत नाहीत. युद्ध सुरू झाले तेव्हा या संस्थेत सहाशेहून थोडे अधिक अधिकारी होते. बर्लिनच्या युद्ध अकादमीतून निवडलेले हे अधिकारी प्रत्येक सैन्याच्या सेनापतीजवळ नेमले जात. सेनापती नावाने आज्ञा देई, पण त्या आज्ञेची आखणी त्याच्या स्टाफप्रमुखाची असे. आणि स्टाफप्रमुखाचा थेट संबंध मुख्यालयातील स्टाफशी असे. हिंडेनबुर्ग व लुडेनडॉर्फ, किंवा पहिल्या सैन्याचे क्लुक व त्यांचे स्टाफप्रमुख हेर्मान फॉन कूल, अशा जोड्या त्यातूनच निर्माण झाल्या. या व्यवस्थेत कार्यक्षमता होती. तथापि विजयाचे श्रेय कोणाचे आणि पराभवाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिने संदिग्ध ठेवला. युद्धस्मृतींतील बरेचसे लेखन या संदिग्धतेत आपली जागा शोधण्यासाठी झाले आहे.

टॅननबेर्गची लढाई हे याचे ठळक उदाहरण होय. ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस पूर्व प्रशियात रशियाच्या दुसऱ्या सैन्याचा जर्मनीने पूर्ण मोड केला. हिंडेनबुर्ग व लुडेनडॉर्फ २३ ऑगस्ट रोजी तेथे पोहोचले. परंतु आठव्या सैन्यातील स्टाफ अधिकारी मॅक्स होफमान यांनी सैन्य हलविण्याचे महत्त्वाचे निर्णय त्याआधीच तयार ठेवले होते. हिंडेनबुर्ग यांच्या आठवणींत हा विजय एका शांत, धीरोदात्त सेनापतीचा आहे. लुडेनडॉर्फ यांच्या ग्रंथात तो नव्या स्टाफप्रमुखाच्या निश्चयाचा आहे. होफमान यांच्या १९२३ मधील पुस्तकात तो आधीपासून जागेवर असलेल्या स्टाफचा आहे. एकाच लढाईचे असे तीन नायक झाले. लढाईला दिलेले नावसुद्धा १४१० साली ट्यूटन सरदारांच्या झालेल्या पराभवाचे उट्टे काढण्यासाठी निवडलेले होते. घटनेची स्मृती घटनेबरोबरच रचली जात होती, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही.

मार्न, मोल्टके आणि हेन्च : मृतांवरील दोषारोप

जर्मन युद्धस्मृतींचा गाभा मार्नच्या पराभवात आहे. आल्फ्रेड फॉन श्लीफेन १९०५ च्या अखेरीस स्टाफप्रमुखपदावरून निवृत्त झाले. त्या सुमारास त्यांनी फ्रान्सवरील मोहिमेसंबंधी एक टिपण तयार केले. त्यात उजव्या बगलेला अतिशय प्रबळ ठेवून बेल्जियम व हॉलंडमार्गे फ्रेंच सैन्याला वळसा घालण्याची कल्पना होती. त्यांच्यानंतर आलेले हेल्मुट फॉन मोल्टके यांनी हॉलंडमधून जाण्याचा विचार सोडला आणि डाव्या बगलेला अधिक सैन्य दिले. ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांनी दोन कोअर पश्चिमेकडून पूर्वेकडे पाठविले; त्या पोहोचण्यापूर्वीच टॅननबेर्गचा निकाल लागला होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जर्मन सैन्य मार्नवरून मागे हटले आणि १४ सप्टेंबर रोजी मोल्टके यांच्या जागी फाल्केनहाइन आले.

युद्धानंतर विल्हेल्म ग्रोनर, कूल इत्यादी श्लीफेन-भक्तांनी या घटनाक्रमाला एक सोपा अर्थ दिला. श्लीफेन यांच्याजवळ विजयाची कृती होती, मोल्टके यांनी ती बिघडविली, असा तो अर्थ होता. ग्रोनर यांच्या १९२७ च्या पुस्तकाच्या नावातच श्लीफेन यांच्या टिपणाला मृत्युपत्राचा दर्जा दिलेला आहे. या वेळी श्लीफेन हयात नव्हते. ते १९१३ च्या जानेवारीत वारले होते. मोल्टकेही १९१६ च्या जूनमध्ये निवर्तले होते. एकाला देवपण देणे व दुसऱ्याला दोषी ठरविणे दोन्ही सोयीचे झाले, कारण दोघांपैकी कोणीही उत्तर देणार नव्हता.

अस्सल कागद पुढे आला तेव्हा चित्र बदलले. गेरहार्ड रिटर यांनी १९५६ साली श्लीफेन यांचे टिपण प्रथमच संपूर्ण प्रसिद्ध केले. त्यातील आराखडा जर्मनीजवळ प्रत्यक्षात नसलेल्या सैन्यावर अवलंबून होता, हे त्यामुळे उघड झाले. १९९९ मध्ये टेरेन्स झुबर यांनी पूर्व जर्मनीच्या ताब्यातून उपलब्ध झालेल्या कागदांच्या आधारे आणखी पुढचा दावा केला : ‘श्लीफेन योजना’ नावाची निश्चित युद्धयोजनाच नव्हती, ती युद्धानंतर स्टाफ अधिकाऱ्यांनी रचली. टेरेन्स होम्स, रॉबर्ट फोली, आनिका मोंबाउअर प्रभृतींनी या दाव्याला आक्षेप घेतले. झुबर यांचा संपूर्ण निष्कर्ष स्वीकारण्याची आवश्यकता नाही. परंतु हमखास विजयाची एक कृती तयार होती आणि ती एका माणसाने बिघडविली, ही मांडणी त्यानंतर टिकू शकत नाही.

याच लढाईतील दुसरे नाव लेफ्टनंट कर्नल रिचर्ड हेन्च यांचे आहे. मोल्टके यांनी या स्टाफ अधिकाऱ्याला ८ सप्टेंबर १९१४ रोजी लक्झेंबर्गच्या मुख्यालयातून मोटारीने आघाडीवरील सैन्यांकडे पाठविले. पाचवे, चौथे, तिसरे व दुसरे सैन्य पाहून ते ९ तारखेला पहिल्या सैन्याकडे पोहोचले आणि माघारीचा निर्णय झाला. हेन्च यांना माघारीची आज्ञा देण्याचा अधिकार होता किंवा कसे, हा वाद त्यानंतर सुरू झाला. तो मिटला नाही याचे कारण साधे आहे : मोल्टके यांनी दिलेली सूचना तोंडी होती, लेखी आज्ञा नव्हतीच. हेन्च यांच्याच मागणीवरून झालेल्या चौकशीत १९१७ साली लुडेनडॉर्फ यांच्या मुख्यालयाने त्यांना निर्दोष ठरविले. तरीही १९१८ च्या फेब्रुवारीत त्यांचा मृत्यू झाल्यावर पुढील लेखकांनी त्यांच्यावरील ठपका पुन्हा जागा केला. पाच सैन्यांच्या, लाखो शिपायांच्या मोहिमेचे अपयश एका लेफ्टनंट कर्नलच्या मोटारप्रवासात बसविणे ज्यांच्या सोयीचे होते, त्यांनी ते बसविले.

मराठी वाचकाला येथे पानिपताची आठवण होणे स्वाभाविक आहे. गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये, मुख्य लढाईच्या आधीच मारले गेले. तरी १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाचा मोठा दोष त्यांच्या माथी आला. बखरींवर टीका करणाऱ्या राजवाड्यांनीसुद्धा आपल्या प्रस्तावनेत गोविंदपंत व मल्हारराव होळकर यांना जबाबदार धरले. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपताची नव्याने तपासणी केली. अस्सल पत्रे हाताशी असूनही अपराधी व्यक्ती शोधण्याचा मोह राजवाड्यांसारख्यांनाही आवरला नाही, ही गोष्ट त्यांच्या कसोटीचे मोल कमी करीत नाही. ती कसोटी वापरणाऱ्यालाही लावावी लागते, एवढेच त्यावरून दिसते.

फाल्केनहाइन यांचे टिपण : ज्याचे मूळ नाही असा कागद

राजवाड्यांच्या पद्धतीतील पहिला प्रश्न ‘मूळ कोठे आहे’ हा असतो. तो फाल्केनहाइन यांच्या ग्रंथाला विचारला असता विलक्षण उत्तर मिळते. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मनीने व्हेर्दँवर हल्ला सुरू केला आणि डिसेंबरपर्यंत चाललेल्या त्या लढाईत दोन्ही बाजूंची लाखांनी हानी झाली. किल्ला न मिळताच लढाई थांबली. १९२० च्या आपल्या पुस्तकात फाल्केनहाइन यांनी एक टिपण छापले. ते १९१५ च्या नाताळाच्या सुमारास कैसरला सादर केले होते, असे त्यांनी सांगितले. त्या टिपणाप्रमाणे व्हेर्दँ जिंकणे हा हेतूच नव्हता. फ्रान्सला असे ठिकाण राखावयास लावावे की ते राखताना फ्रेंच सैन्य रक्तस्रावाने निकामी होईल, हा हेतू होता.

अनेक दशके हे टिपण इतिहासग्रंथांत प्रमाण म्हणून वावरले. परंतु त्याची मूळ प्रत कोणत्याही दफ्तरात सापडलेली नाही. फाल्केनहाइन यांचे चरित्रकार होल्गर आफ्लेरबाख यांच्यासह अनेक संशोधकांनी ते युद्धानंतर रचले गेले असावे, अशी शंका घेतली आहे. शंका खरी असेल तर त्याचा अर्थ गंभीर आहे. एक फसलेला हल्ला नंतर ‘मुद्दाम आखलेला रक्तपात’ म्हणून सादर केला गेला. अपयशी सेनापती म्हणवून घेण्यापेक्षा निर्दय सेनापती म्हणवून घेणे लेखकाला अधिक प्रतिष्ठेचे वाटले. युद्धस्मृतींतून त्या काळच्या जर्मन अधिकारीवर्गाचे मूल्यमापन करावयाचे तर या एका निवडीत पुष्कळ काही सापडते.

लुडेनडॉर्फ : बखरीतूनच बखरीचे खंडन

२६ ऑक्टोबर १९१८ रोजी पदावरून दूर झाल्यावर लुडेनडॉर्फ वेषांतर करून स्वीडनला गेले आणि काही महिन्यांतच त्यांनी आपला जाडजूड ग्रंथ पुरा केला. जर्मन सैन्य रणांगणावर हरले नाही, मागे राहिलेल्या नागरिकांनी व राजकारण्यांनी त्याचा घात केला, या समजुतीचा हा एक मुख्य आधारग्रंथ होय. १८ नोव्हेंबर १९१९ रोजी हिंडेनबुर्ग यांनी राष्ट्रीय सभेच्या चौकशी समितीपुढे सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेल्याची भाषा वापरली आणि ही समजूत राष्ट्रीय श्रद्धा बनली.

हिचे खंडन करण्यासाठी शत्रूचा ग्रंथ उघडण्याची गरज नाही. लुडेनडॉर्फ यांचा स्वतःचा ग्रंथ पुरेसा आहे. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियाँजवळ जर्मन सैन्याची जी वाताहत झाली, ती त्यांनी स्वतःच युद्धातील सर्वांत काळ्याकुट्ट दिवसाची म्हणून नोंदविली आहे. क्रांतीला सुरुवात करणारे कील येथील नाविकांचे बंड नोव्हेंबरच्या आरंभी झाले. म्हणजे सैन्य मोडू लागले ते क्रांतीच्या जवळजवळ तीन महिने आधी. २९ सप्टेंबर रोजी स्पा येथील मुख्यालयात युद्धविरामाची तातडीची मागणी केली ती राजकारण्यांनी नव्हे, लुडेनडॉर्फ व हिंडेनबुर्ग यांनीच. त्यांच्या स्टाफमधील आल्ब्रेख्ट फॉन थेर या अधिकाऱ्याची रोजनिशी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. १ ऑक्टोबर रोजी लुडेनडॉर्फ यांनी आपल्या अधिकाऱ्यांना बोलावून युद्ध हरल्याची कबुली दिली आणि आता या परिस्थितीचे ओझे संसदीय पक्षांनी उचलावे असे सुचविले, हे त्या रोजनिशीतून कळते. दोषाचे हस्तांतर पराभवानंतर सुचलेले नव्हते, ते पराभवाच्या आधीच ठरले होते.

या बखरीची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली. ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामावर सेनानींच्या ऐवजी मात्थियास एर्झबेर्गर या नागरी नेत्याने जर्मनीच्या वतीने सही केली. २६ ऑगस्ट १९२१ रोजी माजी अधिकाऱ्यांच्या एका गुप्त संघटनेतील मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली. १९२३ च्या नोव्हेंबरात म्यूनिकमधील फसलेल्या उठावात लुडेनडॉर्फ हिटलरच्या बरोबरीने चालले. ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चान्सेलर नेमले. खोट्या इतिहासाने हे सर्व एकट्याने घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आर्थिक अरिष्ट, व्हर्सायचा तह, पक्षांतील फूट ही कारणे होतीच. परंतु प्रजासत्ताकावर अविश्वास ठेवण्यासाठी लागणारे समर्थन या युद्धस्मृतींनी पुरविले, हे नाकारता येणार नाही.

कागद कोणाच्या हाती?

येथे एक आक्षेप संभवतो. अस्सल कागदावर एवढा विश्वास ठेवावा काय? तो कागदही अखेर कोणाच्या तरी हाती असतो. हा आक्षेप रास्त आहे. व्हर्सायच्या तहाने जर्मन जनरल स्टाफ बरखास्त केला, तेव्हा त्याचे इतिहासविषयक काम व अनेक अधिकारी १९१९ मध्ये पोट्सडाम येथे स्थापन झालेल्या राइखआर्काइव्हमध्ये आले. युद्धाचा अधिकृत इतिहास लिहिणारे आणि युद्ध चालविणारे अशा प्रकारे एकाच बिरादरीचे राहिले. १९२५ पासून निघालेल्या या चौदा खंडांच्या इतिहासात प्रचंड माहिती आहे, पण कोणते कागद बाहेर यावेत याची निवडही त्याच बिरादरीने केली. १४ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पोट्सडाममधील लष्करी दफ्तराचा फार मोठा भाग जळून गेला. त्यामुळे आज अनेक प्रश्नांबाबत मूळ कागदाऐवजी त्या अधिकाऱ्यांनी केलेले त्याचे सारच उरले आहे.

राजवाड्यांनी नेमकी उलट दिशा धरली होती. दफ्तर एका खोलीत कोंडून ठेवण्याऐवजी गावोगावच्या घरांतून, माळ्यांवरून कागद गोळा करावेत आणि ते जसेच्या तसे छापावेत, म्हणजे पुढील संशोधकाला संपादकाचे मत खोडून काढण्याची सोय राहील, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या बावीस खंडांचे खरे महत्त्व येथे आहे. गोविंदपंतांविषयी राजवाडे चुकले असतील, तर ती चूक दाखविण्याचे साधनही त्यांनीच छापून ठेवले. ग्रोनर व कूल यांच्याविषयी असे म्हणता येत नाही.

कूट-अल-अमारा : ज्यांची बखर नाही ते

जर्मन सेनानींचा प्रश्न मराठी भाषकांपासून दूरचा वाटतो. तो तसा नाही, हे मेसोपोटेमियातील मोहिमेवरून दिसते. फील्डमार्शल कोल्मार फॉन डेर गोल्ट्झ हे जर्मन लष्करी विचारातील मोठे नाव होते. संपूर्ण राष्ट्रानेच शस्त्रसज्ज असावे, हा विचार मांडणारा त्यांचा ग्रंथ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षापासून एक तपभर त्यांनी तुर्की सैन्याच्या शिक्षणाचे काम केले. १९१५ च्या अखेरीस ते तुर्कांच्या सहाव्या सैन्याचे प्रमुख म्हणून बगदादला आले. त्यांच्यासमोर होती जनरल टाउनशेंड यांची सहावी ‘पूना डिव्हिजन’. कूट-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून तिला वेढा पडला. या वेढ्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी होत्या. उपासमार, रक्तपिती व आजार यांनी जर्जर झालेल्या या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. त्याच्या दहा दिवस आधी गोल्ट्झ स्वतः विषमज्वरासारख्या टायफस रोगाने बगदादला मृत्यू पावले होते. सुमारे तेरा हजार शिपाई व सेवक कैदी झाले आणि वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत त्यांपैकी हजारो मेले.

या घटनेवर दोन्ही बाजूंच्या सेनापतींची पुस्तके आहेत. टाउनशेंड यांनी १९२० मध्ये आपले समर्थन प्रसिद्ध केले. कैदेत त्यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवले होते. गोल्ट्झ यांच्या आठवणी त्यांच्या मुलाच्या सहभागाने १९२९ मध्ये निघाल्या. मराठा पलटणींच्या शिपायाचे मात्र असे पुस्तक नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही हजारो साध्या भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, पलटणीनिहाय केवळ आकडा कोरला गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात अशा विषमतेची कबुली दिली. ११७व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पदवी पलटणीला मिळाली, शिपाई आकड्यातच राहिला.

या ठिकाणी राजवाड्यांच्या कसोटीचीही मर्यादा जाणवते. बखर आणि अस्सल पत्र यांच्यात निवड करावयाची तर दोन्ही हाताशी असावी लागतात. निरक्षर शिपायाने पत्र लिहविले तर ते सेन्सॉरच्या हाताखालून गेले. लिहविले नाही तर त्याच्या मागे पेन्शनचा कागद, पदक किंवा गावच्या चावडीवरील संगमरवरी पाटी एवढेच उरले. युद्धाचे परिणाम रणांगणाबाहेरही झाले. युद्धापूर्वी जर्मनी हा हिंदी कापसाचा मोठा ग्राहक होता. ती बाजारपेठ १९१४ मध्ये एका फटक्यात बंद झाली आणि कापसाचे भाव कोसळले. कापसावर जगणाऱ्या खानदेशाच्या दृष्टीने जिनिंग-प्रेसिंगच्या व आडतीच्या जुन्या वह्या हीदेखील महायुद्धाची अस्सल साधने ठरतात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. जर्मन सेनानींच्या युद्धस्मृती टाकाऊ नाहीत. लुडेनडॉर्फ यांचा ग्रंथ युद्धाचे कारण सांगण्यात अविश्वसनीय आहे, पण पराभूत अधिकारीवर्गाचे मन दाखविण्यात तो अत्यंत विश्वसनीय पुरावा आहे. फाल्केनहाइन यांचे टिपण १९१५ चा कागद म्हणून संशयास्पद आहे, १९२० चा कागद म्हणून ते अस्सलच आहे. कोणता ग्रंथ कशाचा पुरावा आहे हे ठरविणे, हेच समीक्षेचे काम होय. दुसरे असे की, मृत व्यक्तीवर सर्व दोष येऊन स्थिरावतो तेव्हा अभ्यासकाने सावध व्हावे. मोल्टके, हेन्च आणि गोविंदपंत यांच्यात साम्य आहे ते त्यांच्या कर्तृत्वात नसून त्यांच्या मौनात आहे.

तिसरी गोष्ट अध्यापनाची आहे. पदवीच्या वर्गात पहिल्या महायुद्धाची कारणे व परिणाम शिकविले जातात. त्या तासाला ‘मोल्टके यांनी योजना दुबळी केली’ हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी ते कोणी, केव्हा व का लिहिले, एवढे विचारले तरी विद्यार्थ्याला इतिहासपद्धतीचा एक पूर्ण धडा मिळेल. पोट्सडामचे जळालेले दफ्तर आता परत मिळणार नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादे पदक, पेन्शनचे पुस्तक किंवा आडतीची वही असेल, तर ती मात्र अद्याप वाळवीच्या आधी हाती लागू शकते. राजवाड्यांनी पायी फिरून हेच केले होते. सेनापतींच्या बखरींची समीक्षा पूर्ण होईल ती ज्यांची बखर नाही त्यांचे कागद तिच्या शेजारी ठेवले जातील तेव्हा.